उजव्या भुवईवरची जखम

चित्रपटगृहात ज्या क्षणी कोणीही हसू नये, नेमका त्याच क्षणी तो माणूस हसला.

हसू मोठे नव्हते. नाकातून सुटलेले आणि लगेच रुमालात कोंबलेले. परंतु दुपारच्या खेळाला मूठभर माणसे, त्यांतली निम्मी पंख्याच्या वाऱ्याला झोपायला आलेली. त्यामुळे मला ते स्वच्छ ऐकू आले. पडद्यावर गोदाम धडाधडा पेटले होते, धुराच्या लोटातून नायक खांदा सावरीत बाहेर येत होता, मागे तुतारी वाजत होती... आणि माझ्याच रांगेत दोन खुर्च्या सोडून बसलेला एक तरुण हसत होता.

मी मान वळवून त्याच्याकडे पाहिले. माझ्या पाहण्याने त्या वयातही भलेभले खुर्चीत सरळ बसत. तोही बसला.

"काय झालं हसायला?"

"काही नाही... जखम."

"जखमेत हसण्यासारखं काय असतं?"

"अहो, मघाशी डाव्या भुवईवर होती. गोदामात शिरले आणि बाहेर आले, तर उजव्या भुवईवर! आगीला घाबरून पळाली असेल."

ती जखम कोणाच्या लक्षात येते का, एवढेच पाहण्यासाठी मी तिकीट काढून तिथे बसले होते.

"गोष्टीत लक्ष नसलं की असलं काहीतरी दिसतं," मी म्हणाले.

"लक्ष होतं हो. पण गोष्ट मला तिकीट काढायच्या आधीपासून पाठ होती."

ते खरे होते. त्या चित्रपटाचे नावही सांगण्यात अर्थ नाही. त्या नटाच्या साऱ्या चित्रपटांची नावे एकमेकांची सख्खी भावंडे शोभावीत अशी. कथाही एकच. लष्करातून निवृत्त झालेला अधिकारी बागेत झाडांना पाणी घालीत असतो, दुष्ट माणसे त्याच्या घरच्यांना त्रास देतात, तो पाण्याची झारी खाली ठेवतो आणि पेटीतले पिस्तूल बाहेर काढतो. ही भूमिका त्यांनी इतक्या वेळा केली होती, की त्यांचे मूळ नाव लोक विसरले. सगळे त्यांना 'कॅप्टन' म्हणत. साठी उलटली होती, गुडघे बोलू लागले होते, तरी निर्माते त्यांच्या हाती झारी आणि पिस्तूल यांखेरीज तिसरी वस्तू द्यायला तयार नव्हते.

खेळ सुटल्यावर तो तरुण पायऱ्यांवर माझ्या मागोमाग आला.

"तुम्ही रागावलात."

"अनोळखी माणसांवर मी रागावत नाही."

"मग ओळख करून घ्यावी लागेल. म्हणजे तुम्हाला नीट रागावता येईल."

हसू आले होते; मी ते दाखवले नाही. "एवढं बारीक दिसतं कसं तुम्हाला?"

"चष्म्याचं दुकान आहे, काकांचं, इथून पुढच्याच चौकात. दिवसभर लोकांच्या भुवयांकडेच बघत असतो. फ्रेम नीट बसली की नाही, ते तिथेच कळतं."

"आणि हसलात का? खरं कारण सांगा. ते आगीला घाबरण्याचं सोडा."

त्याचा चेहरा एकदम शांत झाला. त्याने स्वतःचा चष्मा काढला, उगीचच पुसला...

"ते नाही सांगता येणार. दुसऱ्या कुणाची गोष्ट आहे."

मला ते उत्तर आवडले. आवडायला नको होते, तरी आवडले. नमस्कारही न करता मी चालू लागले आणि कोपऱ्यावर वळताना, रस्ता ओलांडायचा म्हणून, एकदा मागे पाहिले. तो पायऱ्यांवरच उभा होता.

त्या जखमेचा माझ्याशी काय संबंध, ते आता सांगते. मी त्या चित्रपटाची कंटिन्युइटी सांभाळत होते. एकच प्रसंग आज थोडा, पंधरवड्याने थोडा असा चित्रित होतो. तेव्हा कपातला चहा तेवढाच असला पाहिजे, सदऱ्याचे तेच बटण उघडे असले पाहिजे, जखम त्याच जागी असली पाहिजे. हे पाहणाऱ्या व्यक्तीला कोणी टाळ्या देत नाही. चूक झाली की शिव्या मात्र हक्काने देतात. माझी शिस्त कडक म्हणून सारे मला 'मास्तरीणबाई' म्हणत. मला ते नाव मानाचे वाटे.

गोदाम एकदाच जाळायचे होते. त्या दिवशी रंगभूषाकार आजारी पडला. कॅप्टन जुन्या नाटकमंडळीतले, म्हणाले, "एवढीशी जखम मी स्वतः रंगवतो." आधीच्या चित्रणाचा मी दिलेला फोटो त्यांनी आरशाला लावला, रंगवले, आणि मागच्या दाराने थेट गोदामात जाऊन उभे राहिले. त्यांना पुन्हा पाहिले ते धुरातून बाहेर येताना. तोवर छप्पर कोसळले होते.

मी धावत त्यांच्या खोलीत गेले. "कॅप्टन, जखम चुकीच्या बाजूला आहे."

त्यांनी फोटो उचलला. आधी नाकाशी नेला, मग हात लांब करून पाहिला, मग खिडकीच्या उजेडात धरला. मला उमगले. त्यांना फोटोतला चेहराच धड दिसत नव्हता. जखमेची बाजू अंदाजाने ठरवली होती, आणि आरशाने तो अंदाजही उलटा केला होता.

"पोरी," ते म्हणाले, "मला नीट दिसत नाही हे बाहेर कळलं, तर उद्यापासून मला कोण उभं करील? कॅप्टनला चष्मा? लोक हसतील. आणि दुसरं काही करायला मला आजवर कुणी बोलावलंच नाही गं."

पडद्यावर शंभर माणसांना लोळवणाऱ्या त्या माणसाने फोटो माझ्या हातात परत दिला. मी त्यांना शब्द दिला. "माझ्या तोंडून हे कधी बाहेर पडणार नाही," असे म्हणाले आणि दार ओढून घेतले.

चित्रपट पडला. पडायचाच होता, जखम डावीकडे राहिली असती तरी पडला असता. पण वर्तमानपत्रांना हसण्यासाठी तीच सापडली. एकाने 'फिरती जखम' असा मथळा दिला. निर्मात्याने मला कचेरीत बोलावले. तिथे बाकीची मंडळीही बसलेली होती, आणि ती मुद्दाम बसवली होती हे मला दारातच समजले.

"मास्तरीणबाई, डोळे उघडे होते ना तुमचे त्या दिवशी?"

"होते."

"मग दिसलं कसं नाही?"

एक वाक्य बोलले असते तर माझी मान मोकळी झाली असती. ते वाक्य जिभेच्या टोकावर आले आणि मी ते गिळले.

"माझ्या देखरेखीत चूक झाली, हे खरं आहे," मी म्हणाले.

"मग असं करा, डोळे तपासून या. चिठ्ठी आणा. पुढच्या चित्रपटाचं त्यानंतर बोलू. नाहीतर दुसरी मुलगी बघावी लागेल. आणि या धंद्यात बातमी कशी पसरते, ठाऊक आहे तुम्हाला."

कोणीतरी खोकल्याआड हसले. ज्या एका गोष्टीवर माझे पोट आणि माझा मान दोन्ही उभे होते, ती माझी नजर. आणि भर सभेत तिच्यावरच बोट ठेवले गेले होते.

दुसऱ्या दिवशी घरातून निघताना आईने हटकले. "चोरी केल्यासारखी मान खाली घालून कुठं निघालीस? काही केलं असलंस तर सांग. नसलंस तर ताठ चाल."

मी ताठ चालले. वाटेत चष्म्याची दोन दुकाने लागली. दोन्ही चांगली होती, दोन्ही उघडी होती. मी तिसऱ्यात गेले. का, ते विचारू नये.

गल्ल्यावर काका बसले होते. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि आत पाहून आवाज दिला, "अरे, बाहेर ये! आठ दिवस झाले, रस्त्याकडे बघतोयस, म्हटलं याचेच डोळे तपासावेत. हे घे, रस्ताच आत आला."

"काका!" आतून आवाज आला, आणि त्यामागोमाग काहीतरी पडल्याचाही.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी कामाचे बोलले. "मला डोळे तपासून लेखी हवंय. निर्मात्यांना दाखवायचंय. त्या जखमेची राखणदार मीच होते."

त्याच्या चेहऱ्यावरचे हसू विझले. "तुम्ही... आणि मी तुमच्यासमोर हसलो?"

"आता तपासा. मग हसा."

आतली खोली लहान आणि अंधारी होती. भिंग पुसायच्या द्रवाचा थंड, स्वच्छ वास होता. त्याने माझ्या नाकावर तपासणीची जड चौकट ठेवली. बोटे कानाला निसटती लागली, आणि "माफ करा," असे तो लागण्याच्या आधीच म्हणाला.

"आता बघा. हे बरं... की हे?"

"दोन्ही सारखंच."

"आणि हे?"

"हे धूसर आहे."

"आता?"

"आता मध्ये तुमचा हात आहे."

"अं... हो. काढतो." भिंगे किणकिणली. त्याने छोटी विजेरी उचलली आणि जवळ झुकला. "सरळ बघा. माझ्या कानाकडे."

"कान बघण्यासारखा आहे का?"

"चालेल तेवढ्यापुरता. डोळ्यांत बघितलंत तर तपासणी चुकते."

"कुणाची?"

"माझी," तो म्हणाला, आणि विजेरी चुकून स्वतःच्याच डोळ्यावर मारून घेतली.

मी त्याच्या कानाकडे पाहत राहिले. कान खरोखर बरा होता. पाळीवर एक बारीकसा तीळ होता, आणि तो मला इतका स्पष्ट दिसत होता, की त्या अंधारात मला एकाएकी गरम होऊ लागले...

मग त्याने तक्ता वाचायला सांगितला. मी शेवटची ओळ वाचली. तिच्याखाली अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचे नाव होते. तेही वाचून दाखवले.

त्याने हातातले भिंग पेटीत ठेवले आणि दिवा लावला.

"तुमच्या डोळ्यांत काही दोष नाही. इतकी स्वच्छ नजर रोज बघायला मिळत नाही." तो थांबला. "म्हणजे... ते धुरातून बाहेर आले, तेव्हाच तुम्हाला दिसलं होतं."

"दिसलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत? चूक तुमची नव्हतीच, असं का नाही म्हणालात?"

"ते नाही सांगता येणार," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाची गोष्ट आहे."

आपलेच वाक्य ऐकून त्याने मान वर केली. मग त्याची नजर मागच्या फळीवरच्या चष्म्याच्या एका डबीकडे गेली, लगेच परत आली, आणि त्या एवढ्याशा हालचालीत मला कळले, की यालाही ठाऊक आहे. आणि मला कळले, हे त्यालाही कळले. आम्ही दोघे एकाच माणसाचे गुपित उराशी धरून एकमेकांसमोर बसलो होतो, आणि एकमेकांना त्यातला चकार शब्द सांगत नव्हतो. काका बाहेर खोकत होते. पंखा फिरत होता. असा भरगच्च निवांतपणा मी त्याआधी कधी अनुभवला नव्हता.

इथून पुढे त्यांना 'तो' म्हणणे मला जमणार नाही.

"त्या दिवशी मला हसू आलं ना," ते हळूच म्हणाले, "ते रागाचं होतं. एवढं मन लावून एखादी वस्तू करावी, आणि समोरच्यानं ती इथंच टाकून जावी... यापेक्षा जास्त नका विचारू."

"मी विचारलंच नाही."

इतक्यात मागचे दार वाजले. टोपी कपाळावर ओढलेला, गळपट्ट्यात तोंड लपवलेला एक उंच माणूस आत शिरला आणि सवयीने पुढे येताना मधल्या स्टुलाला अडखळला.

"कुणी ठेवलं रे हे इथे? बाळा, तो चष्मा काढ. नाकावर टोचतो म्हणून घालत नाही, हे खरं. पण आता पायऱ्याही..." कॅप्टन बोलता बोलता थांबले. खुर्चीत कोणीतरी आहे, एवढेच त्यांना दिसले होते. "कोण आहे?"

"मी, कॅप्टन."

"मास्तरीणबाई? तू इथं काय करतेस? तुझ्याही डोळ्यांना काही झालं की काय?"

खरे कारण सांगणे माझ्या शब्दाबाहेरचे होते. शेवटी हेच पुढे होऊन म्हणाले, "त्यांना निर्मात्यांनी पाठवलंय. डोळे तपासून चिठ्ठी आणा, नाहीतर पुढचं काम नाही, म्हणून."

कॅप्टन स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग हात पुढे केला. ह्यांनी मागच्या फळीवरून एक डबी आणली, चष्मा काढला, दांड्या किंचित वाकवल्या आणि त्यांच्या नाकावर अलगद बसवला.

कॅप्टनांनी माझ्याकडे पाहिले. डोळे बारीक न करता, नीट पाहिले.

"अगं, तू एवढी लहान आहेस?" ते म्हणाले. "आवाजावरून मी तुला चाळिशीची समजत होतो."

काका बाहेरून खो खो हसले. मीही हसले. कॅप्टन मात्र हसले नाहीत.

"चार लोकांत विचारलं त्यानं?"

"हो."

"आणि तू काय म्हणालीस?"

"माझ्या देखरेखीत चूक झाली, असं म्हणाले."

ते उठले. चष्मा काढला नाही. समोरच्या दाराकडे निघाले; मी वाटेत आडवी उभी राहिले.

"मी शब्द दिलाय, कॅप्टन. तो माझ्यासाठी मोडू नका."

"शब्द तू दिलास, तू पाळलास. त्यातून तुला मोकळं करणं माझ्या हातात आहे. ते तरी मला करू दे. आयुष्यभर खोट्या पिस्तुलानं लोकांना न्याय दिला. बाजूला हो."

मोठ्या माणसाने आज्ञा केली की ऐकावे, असे माझ्यावर संस्कार होते. मी बाजूला झाले. कॅप्टन चष्मा लावून, पुढच्या दाराने, भर रस्त्यातून निर्मात्याच्या कचेरीत गेले. तिथे ते काय बोलले हे मला त्या रंगभूषाकाराकडून कळले. "दिसत मला नव्हतं," ते म्हणाले होते, "आणि दिसत असूनही ती गप्प राहिली ते माझ्यासाठी. आता तुझे डोळे तपास."

याची किंमत त्यांना मोजावी लागली, हे झाकून ठेवणार नाही. पुढचा मारधाडीचा चित्रपट दुसऱ्या नटाकडे गेला. कित्येक महिने कॅप्टनांना कोणी विचारले नाही. मग एका नवख्या दिग्दर्शकाने बोलावले, एका ग्रंथपालाच्या छोट्या भूमिकेसाठी, चष्म्यासकट. त्या भूमिकेत ते एकदाही कोणाला मारत नाहीत. फक्त एका मुलाला पुस्तक देतात आणि तो दाराबाहेर जाईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहतात. लोक त्या पाहण्यावर रडले.

निर्मात्याचा निरोप मात्र मला दुसऱ्याच दिवशी आला: या, काम तुमचेच आहे. मी उलट निरोप पाठवला, की ज्यांच्यासमोर प्रश्न विचारला त्यांच्यासमोरच उत्तर ऐकायला येईन. त्याने सगळ्यांना पुन्हा बसवले आणि माफी मागितली. त्यानंतर मी काम स्वीकारले. चित्रण दूरच्या गावी, बरेच महिने चालणार होते.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी दुकानात गेले. चिठ्ठीचे आता कारण उरले नव्हते, आणि दुसरे कोणतेही कारण मी जुळवून आणले नव्हते. काकांनी मला पाहताच चपला शोधायला सुरुवात केली. "मी जरा पाय मोकळे करून येतो. गिऱ्हाईक आलं तर सांगा, दुकानात महत्त्वाची तपासणी चालू आहे."

ते गेले. ह्यांनी काचेचे कपाट पुसायला घेतले. आधीच चकचकीत असलेली काच दोनदा पुसून झाली.

"उद्या जाणार?"

"उद्या."

"पोहोचल्यावर... म्हणजे तिथं उन्हात काम असेल. डोळ्यांना जपा."

"जपेन."

"आणि... परत येणारच ना?"

"काम संपलं की माणूस परत येतो. आणखी काही विचारायचंय?"

फडके त्यांच्या हातात चुरगळले. बाहेर दिवे लागत होते; एकेक दिवा कपाटातल्या साऱ्या चष्म्यांत उतरत होता.

"लोकांची गुपितं मी चांगली सांभाळतो," ते शेवटी म्हणाले. "कुणाचा डोळा काचेचा, कुणाला रंग दिसत नाहीत... कधी कुणाला बोललो नाही. पण एक माझं स्वतःचं आहे. चित्रपटगृहाच्या पायऱ्यांपासूनचं. ते मात्र आता सांभाळवत नाही."

"मग सांगून टाका. माझ्याकडून बाहेर जाणार नाही."

त्यांनी सांगितले. काउंटरच्या पलीकडून, खालच्या आवाजात, एकही विनोद न करता सांगितले. त्यांचे शब्द मी इथे लिहिणार नाही. घरच्यांनी खोदून खोदून विचारले, मुलींनी विचारले, आता नाती विचारतात. मी कोणालाही सांगितलेले नाही.

मी काय म्हणाले, ते सांगायला मात्र हरकत नाही.

"उद्या सकाळी गाडीच्या आधी घरी या. आईला मी आज सांगून ठेवते, विचारायचं तुम्ही. तिच्यासमोर असे अडखळू नका. आणि केस कापून या."

"एवढ्यात? सगळी दुकानं बंद झाली असतील हो..."

"मग विंचरून या," मी म्हणाले.

ते सकाळी आले. केस ओले करून चापून बसवले होते, सदऱ्याचे बटण वरखाली लावलेले होते. ते मी दारातच नीट लावून दिले आणि त्यांना आत आईसमोर नेले.